शिरोली बंदराचे कप्तान

सकाळी सात वाजता कसबा बावड्यातल्या चहाच्या टपरीवर एक माणूस मोबाईल डोळ्यांपासून हातभर लांब धरून उभा असतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत असतो, "आपली एक बोट आज सिंगापूर सोडून निघालीया. दुसरी आफ्रिकेला वळसा घालाय लागलीया. तिसरीला धुकं आडवं आलंय, थांबलीया बिचारी."

टपरीवरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना यात काही नवल वाटत नाही. उसाला तोड कधी मिळणार, डेअरीत फॅट किती लागली, गल्लीत पाणी का आलं नाही, यांच्या जोडीला ही एक बातमी. एखादा नवखा मात्र कप ओठाशी तसाच धरून विचारतो, "पावणं, तुमच्या बोटी हायत?"

"व्हय की."

"किती?"

"मोजल्या न्हाईत कधी."

मग तो नवखा या जहाजमालकाकडे वरपासून खालपर्यंत बघतो. अंगात खाकी शर्ट, त्यावर ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं, आणि पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट. हे बूट लग्नाच्या पंगतीतसुद्धा पायांतून निघत नाहीत. निघाले तर शेजारी ठेवलेले असतात आणि मालक जेवता जेवता त्यांच्यावर नजर ठेवून असतात.

हे आमचे हिंदुरावअण्णा. बावड्यात त्यांना सगळे कप्तान म्हणतात, आणि चेष्टेनं म्हटलेलं त्यांनी कधीच खऱ्यात जमा करून टाकलंय.

आता यातलं खरं किती ते सांगतो. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. आमची म्हणजे मालकांची. मी तिथे डिस्पॅचला कारकून आणि अण्णा मोल्डिंगचे हेडमिस्त्री. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, थंड झालं की वाळू फोडून आतला माल बाहेर काढायचा, हा आमचा धंदा. माल म्हणजे जहाजाच्या इंजिनाचं हेड. हेड म्हणजे सिलिंडरवरचं लोखंडी झाकण. मोटारसायकलचं तुम्ही पाहिलं असेल, हातात मावतं. आमचं हेड हलवायला क्रेन लागते. इथून ते पेटीत बसून परदेशी इंजिन कारखान्यात जातं आणि ते इंजिन पुढे कुठल्यातरी जहाजात बसतं. कोल्हापूरला समुद्र नाही, हे आम्हाला शाळेतल्या नकाशापासून ठाऊक आहे. पण समुद्रावरच्या कितीतरी जहाजांच्या पोटात शिरोलीचं लोखंड धडधडतंय, हे कुठला नकाशा सांगत नाही. मला त्याचा अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही.

पण 'कुठल्यातरी' जहाजात. या शब्दावर बोट ठेवायला हवं. नेमक्या कुठल्या, ते आम्हाला कुणी कधी कळवलेलं नव्हतं. पेट्यांचे कागद माझ्या हातून जातात, तेव्हा हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. अण्णांचं काय चालायचं, तर फोनवरच्या नकाशात जगभरची जहाजं रंगीत बाणांसारखी सरकताना दिसतात, त्यांतले मनाला येतील ते तीन बाण उचलायचे आणि 'आपली' म्हणून जाहीर करायचे. मी पडलो कागदाचा माणूस. मला हे सहन होत नसे.

"अण्णा, कशावरून आपली?" मी विचारायचो.

"चालीवरनं."

"चालीवरून काय कळतं?"

"बघ की कशी डौलात चाललीया. आपल्या हेडाबिगर अशी चालंल व्हय?"

मी चहाचे पैसे देऊन निघायचो.

बरं, अण्णांची जहाजांविषयीची मतं ऐकली तर वाटेल, हा माणूस जन्मापासून बंदरावर वाढलाय. लाल समुद्रातली वाट धोक्याची झाली आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा टपरीवर त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं. "त्यात काय एवढं? आंबा घाट बंद पडला की आपुन गगनबावड्यानं कोकणात जात न्हाय? तसंच. लांब पडतंय, पर पोचतंय." तेल वाचवायला जहाजं हळू चालवतात हे कळल्यावर ते खूष झाले. "म्या कवाधरनं सांगालोय, सावकाश हाका." नव्या जहाजांवर पुन्हा वाऱ्यावर फिरणारे खांब आणि शिडं बसवायला लागलेत, असं मी पेपरात वाचून सांगितलं, तेव्हा मात्र ते थोडे चिंतेत पडले. वाऱ्यावर चालायला लागली तर इंजिन कशाला लागेल, आणि इंजिन नसेल तर आपलं हेड कुठे बसेल? दोन दिवस त्यांनी टपरीवर बातमीपत्र दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वारं पडलं म्हंजे इंजिनच लागतंय. चौकशी केली म्या." कुणाकडे केली, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

एकदा कारखान्याची सहल कोकणात गेली. बस किनाऱ्यावर उभी राहिली, माणसं पॅंटी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याकडे पळाली. अण्णा बूट घातलेलेच वाळूत उतरले. समुद्राकडे त्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. मूठभर वाळू उचलली, आवळली, मूठ उघडून बोटानं मोडून बघितली, थोडी जिभेला लावली आणि थुंकले.

"बारीक हाय. खारट हाय. साच्याला चालायची न्हाय."

"अण्णा, समोर समुद्र आहे, तो बघा की," मी म्हणालो.

"समुद्र म्हंजे काय रं, खाली आपलीच वाळू आन वर पाणी. वाळू बघितली की झालं. वाळू खोटं बोलत न्हाय."

असं म्हणून त्यांनी त्या निकामी वाळूची एक प्लास्टिकची पिशवी भरून घेतली, बसमध्ये जाऊन ती मांडीवर ठेवली आणि झोपून गेले. चालणार नाही तर घेतली कशाला, हे मी विचारलं नाही. सवयीचा माणूस, म्हणून सोडून दिलं.

वाळू खोटं बोलत नाही, हे त्यांचं पालुपद. आवळलेली मूठ उघडली की तिच्यावर बोटांच्या रेषा किती उठल्यात यावरून ते ओल सांगतात. आमच्याकडे प्रयोगशाळा आहे, तिच्यात यंत्रं आहेत. यंत्र आणि अण्णा यांचं सहसा जमतं. जमलं नाही तर मिस्त्री लोक यंत्र पुन्हा लावून बघतात.

आणि एक खोड सगळ्या कारखान्याला माहीत होती. साचा तयार झाला, की तो झाकण्याआधी अण्णा बाकीच्यांना दोन पावलं मागं सारत, पाठ करून वाकत, खिशातून रुमालाची एक छोटी पुरचुंडी काढत आणि काहीतरी करून परत ठेवत. पुरचुंडीत तंबाखू असणार, हे आमचं गृहीत. मग ओतलेल्या हेडाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, जिथे पुढे मशीन लागत नाही अशा जागी, एक छोटा उंचवटा दिसे. नीट बघितलं तर तो माणसाचा अंगठा. वाळूत रेषा काही स्पष्ट उठत नाहीत, पण अंगठा आहे हे पोरसुद्धा सांगेल. अण्णा प्रत्येक हेडावर स्वतःचा अंगठा उठवतात, असं आम्ही समजून चाललो होतो. मालकांनी कानाडोळा केला होता, कारण अण्णांसारखा मोल्डर शिरोलीत शोधून मिळाला नसता. परदेशातल्या गिऱ्हाइकाला ती कारखान्याची खूण वाटत असावी. स्वतःचं एवढं कौतुक माणसाला असू नये, असं मी एक-दोनदा बोलूनही दाखवलं. अण्णा नुसते हसले.

मी आणि अण्णा एका गल्लीतले. त्यांच्या घरी ते एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. गेली अकरा वर्षं ते माझ्या गाडीवर मागे बसून कामाला येतात. टपरीवरून निघालो की पुढच्या वळणावर खांद्यावर थाप पडते. "थांब जरा." अण्णा उतरतात, एका बोळात शिरतात आणि दहा मिनिटांनी परत येतात. पावसात, उन्हात, दसऱ्याला, कधीही खाडा नाही. तंबाखूसाठी इतक्या आत जायची काय गरज, मेन रोडला मिळत नाही का, असं म्हणत मी अकरा वर्षं गाडीवर बसून घड्याळ बघितलंय. माझा स्वभाव तसा तापट आहे, आणि त्या दहा मिनिटांनी तो अधिकच बिघडवला.

तर असं चाललेलं असताना जहाजांच्या धंद्याचं वारं फिरलं. धूर ओकणारं काळं तेल नको, नवी इंधनं आणा, अशी जगभर ओरड सुरू झाली. आमच्या गिऱ्हाइकानं मेथॅनॉलवर चालणारं इंजिन काढलं आणि त्याचं हेड करून दाखवा म्हणून तीन नमुने मागितले. जमलं तर पुढची कामं आमची. नाही जमलं तर जुन्या इंजिनांबरोबर आमचं मोल्डिंगही हळूहळू थंड पडणार, हे सगळ्यांना समजत होतं.

आमच्या डिझाइनच्या अश्विनी मॅडम, कागलच्या, संगणकावर ओतकाम आधी चालवून बघणाऱ्या. त्यांनी सगळ्यांना गोळा करून नवं हेड समजावलं. मेथॅनॉल म्हणजे स्पिरिटाच्या जातीचं, असं त्या म्हणाल्या. साखर कारखान्याच्या मळीच्या वासात लहानाचे मोठे झालेले अण्णा ताठ बसले.

"म्हंजे बोटीला दारू पाजणार?"

"प्यायची नव्हे अण्णा, ही विषारी असते."

"बिनविषारी कुठली असत्या पोरी?"

नव्या हेडाच्या पोटात इतक्या बारीक वाटा होत्या, की आतल्या वाळूचे ठोकळे हातानं करणं शक्य नव्हतं. ते थरावर थर देऊन छापणाऱ्या यंत्रातून आणले. अण्णांनी त्या यंत्राला जिलेबीवाला म्हणून टाकलं आणि एक आठवडा त्याच्या ठोकळ्यांना हात लावला नाही. आठव्या दिवशी एक ठोकळा उचलून त्यांनी त्याच्या भोकाला तोंड लावून फुंकलं, दुसऱ्या बाजूला तळवा धरला. "पोरी, हितं हवा कोंडतीया. हेला अजून एक वाट दे." संगणक म्हणत होता गरज नाही. ओतलं, आणि फोडून बघितलं तर बरोबर त्याच जागी बुडबुड्याचं भोक. मॅडमनी निमूटपणे वाट दिली. दुसऱ्या एका जागी मात्र संगणक बरोबर निघाला आणि अण्णा चुकले. मला वाटलं आता बिनसणार. तर अण्णा संगणकाच्या पडद्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हेलाबी वाळू कळतीया की." त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. तीन नमुने असे उतरले, की मी डिस्पॅचचा माणूस असूनही मधल्या सुट्टीत जाऊन त्यांच्यावरून हात फिरवून आलो.

नमुने बघायला परदेशी पाहुणा आला. उंच, शांत, दाढीवाला. त्यानं आणलेला कॅमेरा हेडाच्या चारी बाजूंनी फिरवायचा, आणि हेडाच्या ड्रॉइंगशी, म्हणजे कारखान्यातल्या नकाशाशी, जिथे जुळेल तिथे पडद्यावर हिरवं दिसायचं. मोठ्या पडद्यासमोर मालक, मॅडम, अण्णा, मी, सगळे उभे. हिरवं, हिरवं, हिरवं. मालकांच्या चेहऱ्यावर रंग चढायला लागला. आणि मग कोपऱ्यात एक लालभडक ठिपका उमटला. अंगठ्याच्या आकाराचा.

पाहुण्यानं विचारलं, हे काय? मॅडमनी त्याचं बोलणं मराठीत सांगितलं. जुन्या मालावर ही खूण त्यानं पाहिली होती, पण आता नियम कडक झालेत. जे नकाशात नाही ते हेडावर असता कामा नये. उंचवट्याखाली भोक भरून झाकलेलं असू शकतं. खुलासा लेखी मिळाल्याशिवाय तो सही करणार नाही, आणि उद्या दुपारी त्याला परत जायचं होतं.

मालक अण्णांकडे वळले. "अण्णा, लई दिवस चालवून घेतलं. तिन्ही हेडांवरचा तुमचा अंगठा आजच्या आज घासून टाका, आणि हितनं पुढं बंद."

"घासून टाकायला त्यो माझा पायजे न्हवं, सायेब."

"म्हणजे?"

अण्णांनी उजवा हात पुढे केला. त्यांचा अंगठा लांब, सडपातळ. पडद्यावरचा आखूड, रुंद, आणि त्याच्या मधून एक आडवी चीर गेलेली. पाहुणासुद्धा वाकून दोन्हींकडे बघायला लागला.

"मग कुणाचा?" मालक ओरडले.

अण्णांनी हात मागे घेऊन खिशातल्या पुरचुंडीवर ठेवला. एवढा बडबड्या माणूस, पण नाव सांगेना. मालकांनी मला बाजूला घेतलं. "तुझ्या गाडीवर येतोय न्हवं? उद्या सकाळपर्यंत कागद पायजे. कुणाचा अंगठा, कशाला लावला, सगळं."

संध्याकाळी परत येताना पंचगंगेचा पूल मी नेहमीपेक्षा जोरात ओलांडला. खरं सांगतो, मला राग आला होता. इतक्या माणसांचं काम या माणसाच्या खोडीपायी अडकलं होतं. बोळाच्या वळणावर खांद्यावर थाप पडली.

"थांब. आज तूबी आत ये."

बोळाच्या टोकाला एक भरलेलं घर होतं. ओट्यावर दोन मुलं भांडत होती, आत कुणीतरी भाकरी थापत होतं, कुणाचा तरी फोन वाजत होता. खिडकीखाली बाजेवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोळे उघडे, पण नजर नाही.

"वस्ताद, मी. आज सांजचंबी आलोय."

हे दस्तगीरचाचा. अण्णांना मोल्डिंग शिकवणारे वस्ताद. मी कारखान्यात लागायच्या आधीच डोळे गेल्यामुळे ते घरी बसलेले, म्हणून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांचा हात हातात घेऊन अण्णांनी त्यांचा अंगठा मला दाखवला. आखूड, रुंद, आणि ओतताना उडालेल्या लोखंडानं पडलेली आडवी चीर.

मग अण्णांनी सांगितलं ते असं. चाचांना लिहिता येत नव्हतं. हजेरीच्या वहीत सगळे सही करायचे, चाचा अंगठा उठवायचे, आणि त्या वेळचा कारकून रोज सगळ्यांदेखत म्हणायचा, 'या, अंगठेबहाद्दर.' त्याची खुर्ची ती आज माझी खुर्ची. एके दिवशी चाचांनी शाईचा हात पुसला, साच्याकडे गेले आणि वाळूत अंगठा दाबला. 'हितं कर म्हणावं सही त्या कारकुनाला,' म्हणाले. तेव्हापासून हेडावर अंगठा. डोळे गेले, घरी बसायची वेळ आली, त्या शेवटच्या दिवशी अण्णांनी वस्तादांचा अंगठा प्लास्टरमध्ये घेतला आणि त्यावरून पितळेत ओतला. रुमालाच्या पुरचुंडीतून अण्णांनी तो काढून माझ्या तळहातावर ठेवला. तंबाखू! अकरा वर्षं मी त्याला तंबाखू समजत होतो.

फळीवर एक काचेची बरणी होती, निम्मी वाळूनं भरलेली. कोकणातली. ती चाचांना हातानं बघता यावी म्हणून आणलेली.

"मग काय रं," चाचांनी विचारलं, "सकाळी म्हणालास सिंगापूर सोडलं. आता कुठवर गेला माझा अंगठा?"

"लई पुढं गेला वस्ताद. वारं चांगलं हाय."

टपरीवरचं बातमीपत्र ही नुसती रंगीत तालीम होती. खरा कार्यक्रम इथे व्हायचा. मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी उभाच राहिलो, कारण त्या माणसासमोर बसायची मला हिंमत होईना.

"उद्या घासून टाकतो म्या," बोळातून परत येताना अण्णा म्हणाले. "समद्यांचं काम अडतंय. पर वस्तादास्नी सांगणार न्हाय. तूबी सांगू नगंस."

मी घरी जाऊन कागद लिहिला. आजवर इतके कागद लिहिले, पण तो लिहिताना मन लागलं तसं कधी लागलं नव्हतं. सकाळी अश्विनी मॅडमनी त्याचं इंग्रजी केलं. पाहुण्यानं तो वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, समजलं, पण नियम तो नियम, नकाशात नाही ते चालणार नाही. अण्णांनी कानस घ्यायला हात पुढे केला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "मग नकाशात घालूया की."

प्रत्येक फाउंड्रीला आपली एक खूण हेडावर ठेवायची मुभा असते, नकाशात त्यासाठी जागा सोडलेली असते. आमची ती जागा, अंगठा होता त्याच कोपऱ्यातली, रिकामीच होती, कारण खूण काय असावी हे ठरवायला मालकांना आजवर वेळ मिळाला नव्हता. मॅडमनी पितळी अंगठा मागितला. अण्णांनी तो देताना रुमालाने तीनदा पुसला आणि स्कॅन होईपर्यंत यंत्रापासून हलले नाहीत. दोन तासांत नवा नकाशा झाला. पाहुण्यानं अंगठ्याखालचं लोखंड सलग आहे ना, हे आपल्या यंत्रानं तपासलं आणि कॅमेरा पुन्हा फिरवला. या वेळी अंगठासुद्धा हिरवा. त्यानं सही केली, आणि जाण्यापूर्वी हेडावरच्या त्या उंचवट्यावर आपला अंगठा टेकवून बघितला. मालकांनी नाक शिंकरायला तोंड फिरवलं. त्या दिवशी शिरोलीत माझ्याइतकं ताठ मानेनं कुणी चाललं नसेल.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण नव्या पद्धतीत आणखी एक बदल आला होता. आता प्रत्येक हेडावर नंबर असतो आणि तो थेट जहाजापर्यंत नोंदला जातो. पुढची कामं आम्हालाच मिळाली, आणि बऱ्याच महिन्यांनी, परवा, गिऱ्हाइकाची मेल मला आली. आमच्या पहिल्या हेडांचे नंबर, आणि पुढे चक्क एका जहाजाचं नाव. मी फोनवर ते शोधलं. सापडलं. अण्णांना काही बोललो नाही. सकाळी बोळाच्या वळणावर गाडी मीच थांबवली आणि त्यांच्या मागोमाग आत गेलो.

अण्णा चाचांचं औषध आणायला सुनेकडे आत गेले. तेवढ्यात चाचांनी माझ्या दिशेनं तोंड केलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तू कागदवाला न्हवं? खरं सांग, कुठल्या बोटीत जातंय ते कळतं व्हय तुमास्नी?"

मी खिशातला फोन चाचपला.

"मला म्हाईत हाय रं. डोळं गेल्यात, डोस्कं न्हाय. रोज उठून माझाच अंगठा सिंगापूरला कसा जाईल? पर माझं घर बघ, माणसांनी भरलंय. हेच्या घरी कोण हाय? बायकू गेल्यापास्नं भिंतीबरोबर बोलतोय. सकाळी उठून हेला कुठंतरी जायाला पायजे. म्हणून इचारतो म्या, रोज इचारतो."

अण्णा गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. चाचांचा आवाज एकदम मोठा झाला. "काय रं हिंदुराव, आज कुठं हाय माझा अंगठा?"

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांच्या ओठांवर काय होतं ते मला ठाऊक होतं, कोलंबो किंवा तसंच काहीतरी. मी माझा फोन त्यांच्यापुढे धरला. आधी मेलमधला नंबर, मग जहाजाचं नाव, मग नकाशा. अण्णांनी हात लांब करून वाचलं. पुन्हा वाचलं. हेडाचा नंबर तोंडपाठ असल्यासारखा पुटपुटले. माझ्याकडे बघितलं. कोरियातल्या एका गोदीत, धक्क्याला बांधलेला, एक राखाडी ठिपका. जागचा न हलणारा.

"वस्ताद," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा तो टपरीवरचा आवाज कुठे गेला कुणास ठाऊक, "वस्ताद, नवी हाय. अजून धक्क्यालाच हाय. हलली न्हाय."

 इतक्या वर्षांत चाचांच्या अंगठ्याची बोट धक्क्यालाच बांधून आहे, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी चाचपडत अण्णांचा हात शोधला आणि धरून ठेवला.

"खरंच?" ते म्हणाले.

"खरंच, वस्ताद."

"बरं. मग उद्या ये सांगायला, हलली का."

आम्ही बाहेर आलो. अण्णा गाडीवर मागे बसले, मी गाडी सुरू केली. पुढच्या वळणावर खांद्यावर थाप पडली.

"सायेब," ते मला पहिल्यांदाच असं म्हणाले, "उद्या धा मिनटं लौकर निघूया."

मी म्हणालो, "वीस मिनिटं लवकर निघू."